मेंढीचा उजवा कान

आखाडा बाळापूर
६ जून २००७

प्रभू,

दादा म्हणत नाही. नमस्कारही घालत नाही. चार वर्षांत तुला चिठ्ठी लिहिली नाही, कारण लिहायचीच नव्हती. आज लिहून राहिलो ते तुझी खुशाली पुसायला नाही. सोबत एक फोटो आहे. आधी तो पाहा, मग शिव्या दे.

पाहिलास? ही आगबोट आहे. लाकडी फळ्यांवर एक माणूस उकिडवा बसलाय. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी, मांडीवर कोकरू. मागं काळी मेंढरं दाटीनं उभी. आता शाळेतल्या मास्तरकडून भिंग आण अन सगळ्यात पुढच्या मेंढीचा कान पाहा. खालून दोन खाचा, टोकाला तिरपा काप.

ही खूण कुणाच्या घरची, ते तुला मी सांगू?

आता हा फोटो मला कुठं घावला ते ऐक. मी इथं रामसिंगच्या फोटो स्टुडिओत कामाला आहे. लोकाचे मेलेले आजे-पणजे कॉम्प्युटरवर उजळ करून त्यांना कोट चढवतो. लग्नाच्या अल्बमात आता पोरांना मागं आगबोट पाहिजे, विमान पाहिजे. बाळापूरच्या चौकातून आगबोट कुठून आणायची? म्हणून नेटवर शोधत होतो. शोधता शोधता इंग्लंडातल्या एका साइटवर जाऊन पडलो. तिथं लोक जुन्या आगबोटीचे फोटो टाकतात अन पुसतात, ही बोट कोणती, साल कोणतं. मग जगभरचे रिकामे म्हातारे भांडत बसतात. मला काम सुचेना, दोन दिवस तेच पाहत बसलो. रामसिंग म्हणला, "इसू, नवरदेवाला आगबोट दे अन बाहेर ये, न्हाई तं तूच बुडशील." तेवढ्यात हा फोटो आला.

आता सोनाजीचं. तुला माहीत आहे तरी लिहितो, कारण तुमच्या घरात ते एका पद्धतीनं सांगतात अन आमच्या घरात सांगतच नाहीत. सोनाजी माझा पणजा, उकंडराव तुझा. सख्खे भाऊ, कळप एकत्र. एक दिवस सोनाजी सगळी मेंढरं घेऊन हिंगोलीला गेला अन परत आलाच नाही. उकंडराव त्याला शोधायला म्हणून गेला, दोन वर्षांनी आला अन पंचात बोलला, सोनाजीनं कळप विकला अन पळाला. पंचांनी ठरवलं, सोनाजीच्या वंशानं घरची खूण कातरायची नाही. दिवाळीच्या पाडव्याला कोकरांचे कान तुमच्या घरची कातर कातरणार, अन आमची मेंढरं जन्मभर कोऱ्या कानाची फिरणार. चार पिढ्या!

अन हा माणूस पळाला म्हणतोस? आगबोटीवर मेंढरांत बसलाय! विकून पळालेला माणूस मेंढरासंगं काहून बसंल?

आणखी एक. त्याच्या उजव्या हाताला अंगठा नाही. सोनाजीला अंगठा नव्हता असं कुणी कधी म्हणलं नाही. पण सोनाजीबद्दल कुणी कधी काहीच म्हणलं नाही.

२००३ चा पाडवा मी विसरलो नाही. माझ्या बापूनं साठी ओलांडल्यावर एकदा, एकदाच, कातर हातात घेतली. अन तू पोरासोरांदेखत ती हिसकून घेतलीस अन म्हणलास, "काका, पळपुट्याच्या हातानं खूण बसत नसती." पुढं जे झालं ते झालं. तुझा दात पडला तो तू दगडावर पडलास म्हणून.

मला दोन गोष्टी पाहिजेत. तुझ्या मेंढीच्या कानाचा चांगला फोटो, त्या म्हाताऱ्यांना पुरावा म्हणून. अन येत्या पाडव्याला कातर बापूच्या हातात. भीक मागून नाही राहिलो. हक्क मागतोय.

विश्वंभर


आखाडा बाळापूर
२ जुलै २००७

प्रभू,

जवाब नाही. अपेक्षा पण नव्हती.

तू गप्प बसलास म्हणून काम थांबलं नाही. साइटवर काय चाललंय ते तुला कळलंच पाहिजे, म्हणजे आपली किंमत काय आहे ते कळंल.

हा फोटो एका गोऱ्या साहेबाच्या अल्बमातला आहे. साहेब त्या बोटीवर मोठा अधिकारी. त्याच्या नातवानं अल्बम नेटवर टाकला. कप्तानाचं नाव लिहिलंय. डॉक्टरचं लिहिलंय. एका फोटोत कुत्रं आहे, त्याचं पण नाव लिहिलंय, टॉबी. अन आपल्या माणसाच्या खाली काय? "बोकडं अन बोकडवाला, मुंबई, अंदाजे १९३०."

बोकडं! अरे सहा पानं वाद घालून राहिले की धुराडं कोणत्या कंपनीचं, होड्या कशा टांगल्या. एकाला दिसू नये की ही मेंढरं आहेत? शेपटी खाली लोंबते, अंगावर लोकर आहे, तरी बोकडं! माझं इंग्रजी म्हणजे नववीपर्यंतचं, ते पण मास्तर सुट्टीवर असताना शिकलेलं. तरी मी सगळी मोठी अक्षरं दाबून लिहिलं, साहेब, हे बोकड नाही. एक दिवस कुणी बोललं नाही. मग डेनिस नावाच्या म्हाताऱ्यानं लिहिलं, "आम्ही तीस वर्षं बोटीवर काढलेली माणसं, आम्ही फक्त बोट पाहिली. तुम्ही मेंढपाळ आहात काय?" मी लिहिलं, व्हय. खोटं नाही ना ते? धा वर्षं मेंढरांमागं हिंडलोय.

हा डेनिस बोटीवर इंजिनवाला होता. आता एकटा राहतो. माणूस हट्टी आहे पण सरळ. त्यानंच साल काढलं. म्हणला, बोटीच्या मागच्या अंगाला कापडाखाली झाकलंय ती तोफ आहे. साध्या मालाच्या बोटीवर तोफ लढाईतच बसवत. बोटीला रंगही लढाईतलाच, राखाडी. म्हणजे १९३० नाही, १९१६ ते १८. अन त्या वर्षांत मुंबईहून बसऱ्याला फौजेच्या खाण्यासाठी जिती मेंढरं बोटीनं जात, त्यांना सांभाळायला माणसं लागत.

सोनाजी कधी गेला? तुमच्याच घरचा हिशोब, मोठ्या तापाच्या साथीच्या, म्हणजे १९१८ च्या, आदल्या साली. लाव आता मेळ.

मी डेनिसला लिहिलं, हा माझा पणजा, नाव लिहा, सोनाजी. तो म्हणला, कानाची खूण कुणाचीही असू शकते, पुरावा द्या. कुत्र्याला पुरावा लागला नाही! मला लागतो! रामसिंगच्या टेबलावर मी एवढ्या जोरात हात मारला की त्याचा चहा सांडला. तो म्हणला, "गोऱ्याचा राग हाये तं गोऱ्याचा कप फोड, माझा काहून?"

बापूला फोटोची मोठी प्रत काढून, काच लावून पाठवली. अंजलीताई बापूजवळच आहे, तिचा फोन आला होता, बापू तो फोटो उशाशी घेऊन झोपतो. पायाला सूज आहे, मेंढरांमागं जाणं होत नाही. तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून कान दाखवतो म्हणे. "ह्यो माझा आजा."

तुला कोऱ्या कानाची तकलीफ काय ते कळणार नाही. तीन वर्षांमागं कयाधूच्या काठाला आमची अकरा मेंढरं दुसऱ्याच्या कळपात शिरली. बापू एकेकीला नावानं हाक मारून राहिला, त्या येऊन त्याला चिकटून राहिल्या. पंच म्हणले, "संपतराव, मेंढी कुणाबी मागं येती. खूण दाखवा." बापू हात हलवत घरी आला. मी तेव्हा नांदेडला एका ट्रकवर होतो. मला ते वर्षानं कळलं. तुला त्याच दिवशी कळलं असंल. तू गेला असतास अन म्हणला असतास की ही माझ्या काकाची मेंढरं, तर मिळाली असती. गेला होतास?

कानाचा फोटो पाठव.

विश्वंभर


आखाडा बाळापूर
९ ऑगस्ट २००७

प्रभू,

दोन महिन्यांनी पोस्टकार्ड, अन त्यात चार ओळी. त्या मी तुलाच परत लिहून दाखवतो, म्हणजे तुझ्या हातानं काय लिहिलंस ते तुला दिसंल.

"आपली खूण डाव्या कानाला. तुझ्या फोटोत उजव्या कानाला आहे. ही मेंढरं आपली नव्हेत. लोकाचा माणूस दाखवून काकाला खोटी आस लावू नको."

मी कार्ड वाचलं अन भिंग घेऊन बसलो. उजवा. खरंच उजवा. दोन महिने मी खाचा मोजत होतो, काप मोजत होतो, अन कोणता कान ते पाहिलंच नाही. पाहिलंच नाही! चार पिढ्या खूण कातरायची बंदी, तर डावा-उजवा माझ्या हाताला कुठून कळणार? तुझा हात झोपेतही डाव्या कानाला जाईल. माझ्या हाताला कान धरायचाच मज्जाव होता. आता म्हण, मी अडाणी. पण अडाणी कुणी ठेवलं?

अन "खोटी आस" म्हणतोस! तुझं लिहिणं पाहून वाटावं, तुला बापूची फार काळजी. काळजी होती तर त्या पाडव्याला कुठं गेली होती?

कार्ड आल्या दिवशी मी रामसिंगला न सांगता निघालो. वसमतला गेलो. तिथं मोंढ्यात हळदीच्या पोत्यांवर बसलेला एक माणूस भेटला, तो म्हणला हैदराबादला चल, काम आहे. जाणारच होतो. मग त्याच्या ट्रकवाल्यासंगं दोन दिवस पत्ते खेळलो, मग ट्रक मला न घेताच गेला. अंगभर हळद घेऊन परत आलो. रामसिंग मला पाहून म्हणला, "लगीन लागलं का काय तुझं?" अन कॉम्प्युटर चालू करून दिला.

बापूला मी काही सांगितलं नाही. तू पण सांगू नको. एवढं तरी कर.

फोटो फाडून टाक.

विश्वंभर


आखाडा बाळापूर
१७ सप्टेंबर २००७

प्रभू,

फोटो फाडला असशील तर तुझं नशीब. नवा पाठवतो. अन बसून वाच, उभ्यानं वाचू नको.

सकाळी शाळेत मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाचे फोटो काढून आलो, कॉम्प्युटर उघडला, तर डेनिसचा निरोप. मी त्याला महिन्याभरापूर्वीच कळवलं होतं की कान चुकला, मेंढरं आमची नाहीत, माफ करा. त्यानं काय लिहिलं ते माझ्या शब्दांत सांगतो, कारण मला पण तीनदा वाचून कळलं.

त्या माणसाच्या पायाशी जाड दोराचं वेटोळं आहे. दिसतंय? मी कधी तिकडं पाहिलंच नाही. डेनिस म्हणतो, बोटीवरचा दोर उजव्या पिळाचा असतो अन घड्याळाचा काटा फिरतो तसाच गुंडाळतात. उलटा गुंडाळला तर दोर वाकडा वळतो, गुंतत जातो, खलाशी असं कधी करत नाही. या फोटोत वेटोळं उलटं आहे. अन नुसतं वेटोळं नाही, दोराचा पीळसुद्धा उलटा आहे. वेटोळं माणूस चुकवंल, पीळ कसा चुकंल? पूर्वी काचेवर फोटो घेत. काच पालथी पडली की छापताना डावं उजवं होतं. एवढं सांगून तो म्हणतो, "गेला महिनाभर तुमचा कान माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून पुन्हा पाहत बसलो. मित्रा, तुमचा फोटो उलटा आहे."

प्रभू, बापू चातीवर लोकर कातताना पीळ उलटा गेला की न बघता सांगतो. त्याच्या बोटाला कळतं. मी त्याच्याजवळ बसून मोठा झालो अन मला त्या दोराचा पीळ दिसला नाही. सातासमुद्रापलीकडच्या म्हाताऱ्याला दिसला.

मी फोटो कॉम्प्युटरवर पलटवला. एक बटण. रोज पलटवतो मी, नवरी डावीकडं बसली तर उजवीकडं करतो. बटण दाबलं अन मेंढीचा कान इकडून तिकडं गेला. डावा! खालून दोन खाचा, टोकाला तिरपा काप, डावा कान!

मी एवढ्यानं ओरडलो की पासपोर्ट फोटोला बसलेली बाई खुर्चीवरून उठली.

आता बोल. आता लिही पोस्टकार्ड. सोनाजी पळाला नव्हता. तो बोटीवर आपल्या मेंढरांसंगं होता, घरची खूण सांभाळत होता. अन तुमच्या उकंडरावानं दोन वर्षं त्याला शोधलं म्हणता, कुठं शोधलं? परभणीच्या बाजारात? जो माणूस समुद्रात होता त्याला बाजारात शोधून, पंचात उभं राहून पळपुटा ठरवलं! अन त्या एका वाक्यावर तुम्ही चार पिढ्या कातर धरून बसलात!

हा सरळ केलेला फोटो तुझ्या सखुआजीला दाखव, उकंडरावाच्या सुनेला. तिची नजर अजून तांदळातला खडा काढते म्हणतात. तिला म्हणावं, पाहा, तुमच्या घरानं कुणाला पळपुटा म्हणलं ते पाहा. मला तिचं तोंड बघायचं होतं, पण मी येणार नाही. तू लिही.

पाडवा पावणेदोन महिन्यांवर आहे.

विश्वंभर संपतराव, सोनाजीचा पणतू


आखाडा बाळापूर
१९ ऑक्टोबर २००७

प्रभू,

तुझं चार पानी पत्र मंगळवारी आलं. आज शुक्रवार. तीन दिवस तेच वाचून राहिलो. रामसिंगला वाचून दाखवलं, तर त्यानं समोरच्या गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगितलं.

तू लिहिलंस, "मी आजीच्या हातात फोटो दिला अन म्हणलो, हा बघ सोनाजी. आजीनं फोटो उजेडाला धरला. मग तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पार नाकापर्यंत, अन पाटावरून उठून उभी राहिली. मी म्हणलो, आजी, काय झालं? ती म्हणली, मामंजी हायेत."

पंच्याऐंशी वर्षांची बाई, प्रभू. घरात तिच्यापेक्षा मोठं कुणी उरलं नाही. तिनं पदर कुणासाठी घ्यावा? एकाच माणसासाठी.

अन पुढं लिहिलंस, "उकंडरावाच्या डाव्या हाताला अंगठा नव्हता. ल्हानपणी कान कातरताना त्याचाच अंगठा कातरीत गेला होता. हे मला ठाऊक होतं. तू पहिल्या पत्रात उजवा हात लिहिला होतास, म्हणून मी सुटलो असं धरून बसलो. फोटो सरळ झाला तेव्हाच मी पाहिलं. आठ दिवस पेटीत ठेवला. मग आजीला दाखवला."

आठ दिवस पेटीत ठेवलास, हे तू काहून लिहिलंस? न लिहिता कुणाला कळलं असतं? फोटो चुलीत घातला असतास, तर मी इथं सोनाजी सोनाजी करत बसलो असतो. मला तुझ्यावर चिडायचं होतं. चार महिने चिडायची तयारी केली होती. अन तू असं लिहितोस.

तरी चिडतोच. सखुआजीवर चिडतो. तिला सगळं ठाऊक होतं! तिच्या मामंजीनं मरायच्या आधी तिला सांगितलं, सोनाजी कळप घेऊन पुढं गेला, उकंडराव शोधायच्या बहाण्यानं मागून, अन दोघं मिळून हिंगोलीच्या टेशनावरून निघाले, फौजेच्या माणसानं बोलावलं म्हणून. सोनाजीला वाटेतच ताप भरला, मुंबईच्या धक्क्यावर तो गेला, अन उकंडराव एकटाच बोटीवर चढला. परत आला तर काळं पाणी ओलांडलेला. खरं सांगितलं तर जातीबाहेर. मग मेंढरं कुठं गेली म्हणून सांगायचं? सांगायला एकच माणूस होता, जो उलटून बोलणार नव्हता.

सख्ख्या भावाला पळपुटा ठरवलं, प्रभू. धक्क्यावर ज्याला माती दिली त्याला. अन सोनाजीची बायको जन्मभर कुंकू लावून बसली, नवरा पळालाय, येईल कधीतरी म्हणून! अन सखुआजी चव्वेचाळीस वर्षं गप्प! तू पुसलंस तिला, तर काय म्हणली? "सासऱ्याचं तोंडानं कसं काढावं, बाबा." एवढंच? अकरा मेंढरं गेली तेव्हा पण तोंड शिवलेलंच?

सगळ्यात जास्ती चीड माझी मला आली. मी जगभरच्या म्हाताऱ्यांशी भांडलो, इंग्रजीत भांडलो, एका माणसाला नाव मिळावं म्हणून. अन तो माणूस तुझा पणजा निघाला. सोनाजी त्या फोटोत नाही. कोणत्याच फोटोत नाही. मला वाटत होतं त्याचं तोंड मला ठाऊक झालं. बापूच्या उशाशी काचेत ज्याचं तोंड आहे, ते सोनाजीला पळपुटा ठरवणाऱ्याचं आहे.

काल डेनिसला लिहायला बसलो. त्यानं विचारलं होतं, आता नाव पक्कं का? दोन तास नाव टाइप करून खोडत राहिलो. रामसिंग म्हणला, "नको लिहू. ऱ्हाऊ दे बोकडवाला." खोटं सांगत नाही, मला पण तसंच वाटलं. मग लिहिलं. उकंडराव, मेंढपाळ, पुसेगाव, जिल्हा हिंगोली. खाली लिहिलं, यांचा भाऊ सोनाजी मुंबईच्या धक्क्यावर वारला, त्याचा फोटो नाही. डेनिसनं पुन्हा पुरावा मागितला. मी लिहिलं, सुनेनं पदर घेतला. तो म्हणला, तीस वर्षांत यापेक्षा पक्का पुरावा पाहिला नाही, अन दोन्ही नावं तशीच चढवून घेतली.

बापूला तू सांग. मला जमणार नाही. तू घरी जाऊन सांगणार म्हणतोस, तर पंचांदेखत सांग, जिथं खोटं बोललं गेलं तिथंच. अन कातर घेऊन जा.

विश्वंभर


आखाडा बाळापूर
१३ नोव्हेंबर २००७

प्रभूदादा,

पाडव्याला मी आलो नाही. तू वाट पाहिलीस असं अंजलीताई म्हणली. गाडी चुकली असं मी तिला फोनवर सांगितलं. गाडी चुकली नाही. हिंगोलीच्या स्टँडवर पुसेगावची गाडी माझ्यासमोर लागली होती. तिथं एक जण जुने कॅमेरे विकायला बसला होता, मी त्याच्याजवळ जाऊन बसलो अन एकेक कॅमेरा उघडून पाहत राहिलो, गाडी निघून जाईस्तोवर. तुझ्या तोंडाकडं पाहायची छाती झाली नाही. तो दात दगडानं पडला नाही. काठी मी ताणून मारली होती, अन तू खाली पडल्यावर आणखी एक मारली होती. हे मी चार वर्षं सगळ्यांना उलटं सांगितलं.

आता माझ्या तक्रारीकडं ये.

ताईनं मला सगळं सांगितलंय. तू पंचांपुढं उभं राहून बोललास. कुणीतरी म्हणलं, "मेलेल्या माणसाची बदनामी कशाला?" तर तू म्हणलास, "इतके दिवस मेलेल्याचीच चालली होती की." बरं बोललास. मग बापूला खाटेवरून उचलून वाघरीच्या जाळीआड मेंढरांत नेलंस, पाठीशी बसलास, कोकरू त्याच्या मांडीवर दिलंस, कातर हातात दिलीस. अन बापूनं कान धरला अन कातरला.

उजवा!

पासष्ट वर्षांच्या माणसाला जन्मात एकदा कातर मिळाली, अन त्यानं उजवा कान कातरला! काहून? तर पाच महिने उशाशी मी पाठवलेला उलटा फोटो होता. मी सरळ प्रत तुला पाठवली, बापूला पाठवायची राहूनच गेली. ताईनं त्याला सांगितलं होतं म्हणे, तर तो म्हणला, "माझा फोटो बराबर हाये."

चूक माझी, मान्य. पण दादा, तू तिथंच होतास ना? पाठीशी बसला होतास. त्यानं उजवा कान धरला ते तुला दिसलं नाही? ताई म्हणते, दिसलं. ती म्हणते, सोनाजीचं नाव घेत बापूनं कान चाचपला, तू हात पुढं केलास अन मागं घेतलास. भावकीतला कुणीतरी ओरडला, "आरं, उजवा कातरला!" अन तू त्याला म्हणलास, "बराबर हाये. सोनाजीच्या घरची खूण उजव्या कानाला."

कधीपासून? कुणी ठरवलं? अन मग सगळी कोकरं, सत्तावीस, बापूनं उजव्याच कानाला कातरली, अन तू एकेक धरून देत राहिलास! आता आमची खूण उजवी, तुमची डावी. पुढच्या वर्षी बाजारात लोक पुसतील, एकाच घरची खूण दोन कानांना कशी? काय सांगणार आहेस?

मी फोन ठेवला अन रामसिंगला सांगितलं. तो हसून हसून खुर्चीवरून घसरला. मला आधी राग आला. मग मला पण हसू आलं, अन मग हसू राहिलं नाही.

आता नीट ऐक. त्या सत्तावीसातलं पहिलं कोकरू विकायचं नाही. मी शनिवारी येतो. कॅमेरा घेऊन येतो. रामसिंगकडून लिहूनच घेतलंय, आलो नाही तर पगार नाही. बापूला पारावर बसवायचं, मांडीवर कोकरू, बाजूला तू. तोंड उघडून हस, दात नाही तो दिसू दे, लपवू नको.

कारण मला पक्कं ठाऊक आहे काय होणार. आणखी नव्वद वर्षांनी डेनिससारखा एखादा हट्टी म्हातारा हा फोटो घेऊन बसंल. भिंग लावंल. पुसेगावची मेंढरं, खूण डाव्या कानाला असते, असं कुठंतरी वाचलेलं असंल त्यानं. अन तो मोठ्या शहाणपणानं सांगंल, हा फोटो उलटा छापलाय. कुणीतरी एक बटण दाबंल अन बापूची खूण पुसून टाकंल.

म्हणून फोटोच्या मागं तुझ्या अक्षरात लिहायचं, माझं कुणाला लागत नाही. तारीख. बापूचं नाव, सोनाजीचं नाव. अन खाली ठळक: कान उजवाच आहे. फोटो सरळ आहे.

तुझा,
इसू